पाऊस, ऑफिस, घर आणि सायकल: मेळ कसा घालायचा?

प्रश्न: आठवड्यातून दोनदाच पाऊण तास मिळतो. पाऊस आला की तोही गेला. एवढ्यात दम टिकेल का? ओल्यात चालवली की चेन लगेच गंजते, ती वेगळीच कटकट.

उत्तर १: टिकेल, पण रमतगमत नको. १० मिनिटं वॉर्मअप, मग ४ मिनिटं जोरात नि ३ मिनिटं हलकं, असं चारदा. जोरात म्हणजे एका दमात तीन-चार शब्दच निघावेत. पावसात हेच घरी ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर. पंखा थेट अंगावर हवा, नाहीतर पायांआधी उकाडाच थकवेल.

उत्तर २: चेनचं सांगतो. आल्या आल्या कोरड्या फडक्यात चेन धरून पॅडल २० वेळा उलटं फिरवा. चेनच्या प्रत्येक रोलरवर (कड्यांमधल्या छोट्या गोल नळीवर) वेट ल्यूबचा, म्हणजे ओल्यासाठीच्या चेन-तेलाचा, एकच थेंब, पाच मिनिटांनी वरचं पुसा. हे पुसणंच लोक टाळतात. वर राहिलेल्या तेलाला वाळू चिकटते आणि चेन झिजते.

उत्तर ३: टायरची हवा, कपडे, बाटली, दिवे रात्रीच बघा, सकाळचा वेळ शोधाशोधीतच जातो. रिम ब्रेक (चाकाच्या कडेला, म्हणजे रिमला, घासणारा) असेल तर ओल्यात आधी हलका दाबून रिमवरचं पाणी काढा, मग खरा दाबा. रस्त्यावरच्या रंगवलेल्या पट्ट्यांवर वळू नका.