मूकपटातल्या दाराचा आवाज

प्रश्न (फोंडा):
आमच्या वाड्यावरील वाचनालयात येत्या रविवारी मुलांना व त्यांच्या आजी-आजोबांना चार्ली चॅप्लिनचा १९३१ सालचा मूकपट 'सिटी लाइट्स' दाखवायचे ठरले आहे. जत्रेतील नाटके पाहत वाढलेला आमचा प्रेक्षक विनोदासाठी संवादाची वाट पाहतो, म्हणून कोणीतरी बाजूला उभे राहून प्रसंग मराठीतून सांगत जावे, अशी सूचना आली आहे. तसे करावे का?

उत्तर (डिचोली):
कृपया करू नये. फुलवालीच्या पहिल्या भेटीचाच प्रसंग घ्या. चार्ली उभ्या मोटारीच्या एका दारातून आत शिरतो आणि दुसऱ्या दाराने पदपथावर उतरतो. ते दार लागल्याचा आवाज ऐकून अंध फुलवाली त्याला श्रीमंत गिऱ्हाईक समजते. तो आवाज आपल्याला ऐकू येत नाही, तिला आला हे आपण पाहून ओळखतो. मग फूल खाली पडते, चार्ली ते उचलतो, तरी ती जमीन चाचपडतच राहते, तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात येते. थोड्या वेळाने मोटारीचा मालक येतो, दार पुन्हा लागते, आणि गिऱ्हाईक सुटे पैसे न घेताच गेले असे तिला वाटते. चार्ली पावलांचा आवाज न करता जवळच बसून तिच्याकडे पाहत राहतो, आणि भांडे विसळून तिने फेकलेले पाणी नेमके त्याच्या तोंडावर येते. चॅप्लिनने हा प्रसंग शेकडो वेळा चित्रित करून पाहिला होता. निवेदकाने 'ती आंधळी आहे' असे आधीच सांगून टाकले, तर प्रेक्षकाने स्वतः शोधण्यासारखे काय उरले?

उत्तर (पणजी):
वरील मताशी मी पूर्ण सहमत आहे. मात्र पडद्यावर मधूनमधून येणाऱ्या इंग्रजी मजकुराच्या पाट्या तेवढ्या मराठीतून सावकाश वाचाव्यात. संगीत बंद करू नये. बोलपट स्थिरावल्यानंतरही चॅप्लिनने संवाद नाकारले, पण संगीत स्वतः रचले. फुलवालीची धून मात्र होसे पादिया या स्पॅनिश संगीतकाराची आहे. पुतळ्याच्या अनावरणातील भाषणांना चॅप्लिनने शब्दांऐवजी चिरका आवाज दिला आहे, तो मुलांना फार आवडेल.

प्रश्नकर्ता (फोंडा):
दोघांचेही मनापासून आभार. निवेदन रद्द केले आहे. पाट्या सातवीतील एक मुलगी वाचेल. काल तो प्रसंग आईला दाखवला, तेव्हा फूल खाली पडताच ती स्वतःशीच पुटपुटली, "अगं बाई, हिला दिसत नाही!" आता खुर्च्या पडद्याच्या जवळ मांडणार आहोत, म्हणजे चाचपडणारा हात मागच्यांनाही दिसेल.