तांड्यावरचं पोर पहिलीतच का हरतं?

गोरमाटी_गेवराई

यंदा जूनमध्ये माझी भाची पहिलीला बसली. शाळा गावात, तांड्यापासून पाऊण किलोमीटर. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी शेजारच्या पोरानं तिची पाटी ओढून घेतली. ही रडत उठली आणि बाईंना सांगायला लागली, "मारी पाटी, मारी पाटी." आमच्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत 'मारी' म्हणजे माझी. बाईंना वाटलं, त्यानं पाटी फेकून मारली. त्या पोराला दोन धपाटे बसले, पाटी त्याच्याकडंच राहिली, आणि संध्याकाळी त्याची आजी तांड्यावर भांडायला आली, लेकराला खोटं बोलायला काऊन शिकवायलीस म्हणून.

त्यानंतर भाची वर्गात तोंड उघडत नाही. दिवाळीआधी बाईंनी बहिणीला बोलावून सांगितलं, पोरगी गुणी आहे पण जरा मंद वाटते. घरी हिला गप्प बसवायला बिस्किटाचा पुडा द्यावा लागतो!

माझं म्हणणं असं, की बंजारा पोरं दहावीत नापास होत नाहीत, ती पहिलीतच नापास होतात. कुणी लिहून ठेवत नाही इतकंच. शाळेच्या रजिस्टरला मातृभाषा 'मराठी'. 2011 च्या जनगणनेत बंजारी आणि लमाणी हिंदीच्या खात्यात मोजली. म्हणजे सरकारच्या कागदावर आमचं लेकरू मराठीही बोलतं आणि हिंदीही बोलतं, घरी जे बोलतं तेवढंच बोलत नाही.

आणि गंमत बघा. 17 सप्टेंबरचा मराठवाडा मुक्तिदिन आला की आपण सगळे भाषणं ठोकतो, निजामानं उर्दू लादली, मराठी लेकरांना परक्या भाषेत शिकावं लागलं, म्हणून मराठवाडा मागं पडला. मराठीतून शिकायला मिळावं म्हणून 1921 ला हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा काढावी लागली. हे सगळं खरंच आहे. मग तोच न्याय तांड्याला लावताना आपली जीभ का जड होते?

तूरडाळ_लातूर

भाऊ, किस्सा काळजाला लागला, पण निदान चुकलंय. रोग भाषेचा नाही, कोयत्याचा आहे.

ऊसतोडीला एकटा बंजारा जातो का? त्याच टोळीत वंजारी असतो, मराठा असतो, बौद्ध असतो, मुसलमान असतो. मुकादमाची उचल (आगाऊ पैसे) घेतली की दिवाळीला गाडी भरायची आणि मार्च-एप्रिलला परतायचं. शाळेच्या वर्षातला निम्मा काळ लेकरू फडात. ज्या वंजारी पोराच्या घरात सात पिढ्या मराठी बोलतात तेही पाचवीत गेलं तरी जोडाक्षर वाचत नाही. त्याला कुठली बोली आडवी आली?

उलटं उदाहरण देतो. माझ्या शेजारी बंजारा समाजाचे एक इंजिनिअर राहतात. त्यांची पोरगी नर्सरीपासून इंग्रजी शाळेत. घरी गोरबोली, गल्लीत मराठी, शाळेत इंग्रजी. पहिल्या पाचात असते. भाषेनं मारायचं असतं तर तिला तिप्पट मारलं असतं. बापाचा पगार आहे, घरात टेबल-खुर्ची आहे, शिकवणी आहे. विषय संपला. जातनिहाय रडत बसण्यापेक्षा स्थलांतर थांबवा, वसतिगृहं नीट चालवा.

स्पष्ट_बोलणार

सगळेच गोडगोड लिहितायत म्हणून मी लिहितो. बंजारा ज्यात येतात त्या विमुक्त जातींना 3 टक्के आरक्षण आहे, आश्रमशाळा आहेत, बंजारा समाजातलेच वसंतराव नाईक 11 वर्षं मुख्यमंत्री होते. अजून काय पाहिजे? काही समाजांत शिक्षणाची ओढच नाही. बापाला पोर कामाला लागलेलं हवं असतं. भटकंती रक्तात आहे, त्याला मास्तर तरी काय करणार.

लेस्टरवासी

मूळ नांदेडचा, सध्या इंग्लंडात. वर 'रक्ता'चा विषय निघाला म्हणून इथलं सांगतो. इथं शालेय निकाल वांशिक गटानुसार जाहीर होतात. 1985 मध्ये अल्पसंख्याक मुलांच्या शिक्षणावर स्वान समितीचा अहवाल आला तेव्हा बांगलादेशी मुलं फार मागं होती, काळजी करण्याइतकी. आज तीच मुलं सोळाव्या वर्षीच्या परीक्षेत देशाच्या सरासरीच्या वर आहेत. चाळीस वर्षांत रक्त बदलत नाही हो. लंडनच्या शाळा बदलल्या, घरातली इंग्रजी बदलली, आईबापांच्या अपेक्षा बदलल्या.

तळाला कोण आहे सांगू? जिप्सी, रोमा आणि आयरिश ट्रॅव्हलर. म्हणजे इथलेही फिरस्तेच. शाळेला एका जागी बसणारं पोर हवं असतं, हे दोन्हीकडं सारखं.

लातूरकरांच्या बाजूनंही एक देतो, नाहीतर पक्षपात होईल. गरिबीमुळं शाळेत फुकट जेवण मिळणारी गोरी मुलंही बरीच मागं आहेत, म्हणजे गरिबी आहेच. पण तसंच फुकट जेवण घेणारी बांगलादेशी मुलं त्या गोऱ्या मुलांच्या पुढं आहेत. नुसत्या गरिबीनं हा हिशेब जुळत नाही.

खडू_फळा

मी जिल्हा परिषदेची शिक्षिका. धाग्यातल्या त्या बाई मी नव्हे, पण असू शकले असते. माझ्या पहिल्या वर्षी एक मुलगा रोज "याडी, याडी" म्हणून रडायचा. मला वाटलं चिडवतोय. महिनाभरानं पाचवीतल्या एका मुलीनं सांगितलं, "बाई, तो आईला बोलावतोय." त्या दिवशी मला घरी जेवण गेलं नाही. डीएडच्या दोन वर्षांत एका शब्दानं कुणी सांगितलं नव्हतं की आपल्याच जिल्ह्यातल्या वर्गात अर्ध्या मुलांची भाषा वेगळी असू शकते.

पण आमची बाजूही ऐका. कायद्यानं 60 पटापर्यंत शिक्षक दोन, वर्ग चार किंवा पाच. त्यातला एक मतदार यादीच्या कामाला नाहीतर केंद्रावर मीटिंगला. उरलेल्या एकीनं चार वर्गांना शिकवायचं, खिचडीची चव घ्यायची, ऑनलाइन माहिती भरायची, आणि तुम्ही म्हणता बोलीही शिका. मी शिकले, थोडी. त्या पाचवीच्या मुलीलाच पहिलीच्या रांगेत दुभाषी म्हणून बसवलं. तर तिचाच बाप शाळेत आला. "बाई, आमची बोली आम्हाला येते, पोरीला तुमची शिकवा." यावर काय उत्तर देणार सांगा. मला तरी सुचलं नाही.

गोरमाटी_गेवराई

बाई, त्या बापाचं बरोबर आहे आणि तुमचंही. गोरबोलीतून गणित-विज्ञान शिकवा असं मी म्हणतच नाही. पहिले सहा महिने पुलाला फळ्या टाका, पुढं मराठीवर चालत जाऊ द्या. तुम्ही पाचवीच्या पोरीला बसवलंत तेच.

@तूरडाळ, इंजिनिअर साहेबांच्या पोरीचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. इंग्रजी शाळेत नर्सरीच्या बाईला माहीत असतं की समोरच्या एकाही लेकराला इंग्रजी येत नाही. म्हणून ती 'अ‍ॅपल' म्हणताना चित्र दाखवते, हातवारे करते. आमच्या शाळेत बाई गृहीत धरते की मराठी येतेच. न येणाऱ्याला मग भाषा येत नाही असं कुणी म्हणत नाही, डोकं नाही म्हणतात.

नागसेनवन

दोघंही भाषा आणि पैसा यातच अडकलात. आमच्या घरात मराठीशिवाय दुसरी भाषा कधी नव्हती. तरी माझे वडील गावच्या शाळेत दाराबाहेरच्या पायरीवर बसून शिकले. प्रश्न विचारायची वेळ आली की मास्तरांची नजर त्यांच्यावरून पुढं सरकायची. 1950 ला बाबासाहेबांनी औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढलं, तिथं वडील पुढं शिकायला आले. ते सांगायचे, वर्गात पहिल्यांदा प्राध्यापकांनी मला 'तुम्ही सांगा' म्हटलं आणि मला उत्तर येत असून बोलता येईना. सवयच नव्हती.

उत्तर प्रदेशातल्या एका गावी कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली होती. 2004 मध्ये ते छापून आलं. जात जाहीर केली नाही तेव्हा वरच्या आणि खालच्या जातीची मुलं जवळजवळ बरोबरीनं सोडवत होती. सगळ्यांसमोर नाव, बापाचं नाव, जात वाचून दाखवली आणि खालच्या जातीच्या मुलांची कामगिरी झटकन खाली आली. कोडं तेच, पेन्सिल तीच, पोरं तशीच. आपल्याकडं शिष्यवृत्तीचे फॉर्म भरताना "एससीवाले उभे रहा" म्हणतात की नाही? @स्पष्ट_बोलणार, ओढ नाही म्हणता ती ही.

जुना_बाजार

उर्दू माध्यमाची आई म्हणून लिहिते. आमच्याकडं घरची आणि शाळेची भाषा एकच, असं सगळ्यांना वाटतं. घरी आम्ही 'हौ' म्हणतो, पुस्तकात 'जी हाँ'. तरी पोरं लवकर वाचायला लागतात, हे कबूल. पण पुढं काय? आमच्या बहिणीच्या गावात उर्दू शाळा सातवीपर्यंत. आठवीला तालुक्याला जा नाहीतर मराठी शाळेत बसा. मुलगे जातात, निम्म्या मुली घरी बसतात. 2006 च्या सच्चर समितीनं मुसलमान मुलांच्या गळतीबद्दल लिहिलं त्याला इतकी वर्षं झाली, एसटीची वेळ काही बदलली नाही. म्हणून मातृभाषा मातृभाषा करणाऱ्या भावाला एकच विनंती, पहिलीचा पूल बांधाल, तर आठवीचा रस्ताही मागा.

स्पष्ट_बोलणार

'रक्त' शब्द मागं घेतो. बाकी मतावर ठाम. आईबापांना सगळ्यातून सूट द्यायची हे पटत नाही.

तूरडाळ_लातूर

गोरमाटी भाऊ, गृहीत धरण्याचा मुद्दा मानला. चित्र दाखवणारी बाई आणि न दाखवणारी बाई हा फरक माझ्या डोक्यात आला नव्हता. पण मी अजून म्हणतो, बाईनं गोरबोलीत गाणी म्हटली तरी नोव्हेंबरमध्ये पोर वर्गात नसेल तर ती कुणाला म्हणणार? हंगामी वसतिगृहाच्या नावावर आमच्याकडं काय चालतं तर दोन वेळचं जेवण शाळेत आणि झोपायला आजीकडं. आजीला डोळ्यानं दिसत नाही. आईबापांना भरवसा वाटत नाही, ते लेकरू घेऊन जातात. आधी पोर गावात ठेवा, मग त्याच्याशी कुठल्या भाषेत बोलायचं ते ठरवू.

गोरमाटी_गेवराई

आणि मी म्हणतो, जी शाळा त्याला मंद म्हणते तिच्यासाठी आईबाप त्याला मागं का ठेवतील? बहीण हेच बोलली. "तिथं निदान माझ्याशी तरी बोलंल."

खडू_फळा

दादा, भांडण चालू राहू द्या, माझं एक काम करा. पहिलीच्या मुलांना पहिल्या महिन्यात लागतील असे चाळीस-पन्नास शब्द गोरबोलीत लिहून द्याल का? तहान, लघवी, दुखतंय, हरवलं, घरी जायचंय, असे. फळ्याशेजारी चिकटवते. केंद्रातल्या बाकीच्या बायांनाही देते. आणि भाचीच्या घरचे ऊसतोडीला जाणार असतील तर शिक्षण हमी कार्ड मागून घ्या, म्हणजे तिकडच्या शाळेत बसवून घेतात.

गोरमाटी_गेवराई

देतो बाई. याडी तुम्हाला आलंच. भाकरीला बाटी. मारो-मारी म्हणजे माझा-माझी, तारो-तारी म्हणजे तुझा-तुझी, एवढं तरी मोठ्या अक्षरात लावा. बाकीचे मी लिहायला बसलो तर मोठ्या माणसाचे शब्द येतील. लेकरं काय म्हणतात ते भाचीलाच विचारायला पाहिजे.

कार्ड घेतलंय, बहिणीच्या पिशवीत आहे. टोळी परवा रात्री निघाली, भाचीला घेऊनच. फड आठ-दहा दिवसांनी बदलतो, कुठल्या शाळेत दाखवणार ते तिलाही माहीत नाही. फोन लागला की शब्द विचारून टाकतो.