मदत हवी आहे: पेस्ट केल्यावर 'किनाऱ्यावर'चं 'किनार्यावर' होतं, दरही सरकतात

खाडीकाठ (मालवण):
तारकर्लीतल्या एका होमस्टेचं वेबपान करतोय. मजकूर वर्डमध्ये नीट दिसतो, एडिटरमध्ये पेस्ट केला की बिघडतो. 'किनाऱ्यावर'चं 'किनार्यावर' होतं. शीर्षकाची अक्षरं जरा सुटी केली तर शिरोरेघ तुटते. वेलांट्या वरून कापल्या जातात. आणि स्पेस देऊन एका रेषेत लावलेले जेवणाचे दर पदार्थाच्या नावाला चिकटतात.

सुरंगी (वेंगुर्ले):
'ऱ्या' दोन प्रकारे टाइप होतो. एक, खाली टिंब असलेला ऱ, मग हलन्त, मग य. दुसरा, साधा र, हलन्त, न दिसणारं जोडचिन्ह आणि य. दिसायला दोन्ही सारखेच. पण काही एडिटर पेस्ट करताना न दिसणारी चिन्हं पुसून टाकतात आणि मागे रफार उरतो. म्हणून टिंबाचा ऱ वापरा. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून 'र'ची कळ दाबली की येतो.

एक कळकळीची विनंती: 'र्य' शोधून सगळीकडे 'ऱ्य' करू नका. सूर्यास्त, पर्यटक बिघडतीलच, शिवाय 'दर्या'च्या 'दऱ्या' होतील. मालवणच्या पानावर ते फार वाईट दिसेल. एकेक शब्द बघूनच बदला.

शिरोरेघ तुटते ती लेटर-स्पेसिंगमुळे, म्हणजे अक्षरांमधल्या वाढवलेल्या अंतरामुळे. देवनागरीला ते शून्यच हवं. शीर्षक उठून दिसायला आकार किंवा जाडी वाढवा.

वेलांट्यांचं कारण बहुधा वर्डमधून आलेली ओळींची ठरावीक उंची. अक्षर मोठं झालं तरी ओळ तेवढीच राहते. कंट्रोल-शिफ्ट-व्हीने नुसता मजकूर पेस्ट करा आणि लाइन-हाइट (ओळीची उंची) १.६ ते १.८ ठेवा, पुढे पिक्सेल वगैरे एकक न लावता.

दरांसाठी दोन रकान्यांचा तक्ता घाला: डावीकडे सोलकढी, घावणे, सुरमई थाळी, उजवीकडे दर, उजव्या कडेला लावून. वेबपानावर ओळीने दिलेल्या दहा स्पेस एकच धरल्या जातात.

खाडीकाठ:
वेलांट्या आणि दर जमले, आभार. पण ठळक अक्षरं, शीर्षकं सगळी गेली. आणि जुनं दरपत्रक डीटीपीवाल्याकडचं आहे, ते पेस्ट केलं की इंग्रजी अक्षरं न् चिन्हं येतात.

गलबत (गुहागर):
नुसता मजकूर पेस्ट केल्यावर शीर्षकं पुन्हा द्यावी लागतात. ती ठळक करून मोठी करू नका, एडिटरच्या शैलींच्या यादीतून 'हेडिंग २' निवडा. 'हेडिंग १' पानाच्या नावासाठी असतं. पत्त्याच्या ओळींमध्ये शिफ्ट-एंटर द्या, नाहीतर प्रत्येक ओळ वेगळा परिच्छेद होऊन मधे मोकळी जागा सुटते.

दरपत्रकात इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेला जुना फॉन्ट आहे. तो फॉन्ट पानावर चढवून भागवू नका, कारण आत इंग्रजी अक्षरंच राहतात आणि 'तारकर्ली' शोधणाऱ्याला पान सापडणार नाही. डीटीपीवाल्याला फॉन्टचं नेमकं नाव विचारा आणि त्याच फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे खऱ्या मराठी अक्षरांत, बदलणारा परिवर्तक वापरा. नंतर पहिली वेलांटी आणि रफार असलेला प्रत्येक शब्द वाचून बघा. जुन्या फॉन्टात वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर टाइप झालेला असतो, त्यामुळे परिवर्तक तिथेच चुकतो.