मदत हवी आहे: वायफायवर फक्त घरचे फोन ठेवायचे होते, माझाच बाहेर पडला!

गडग्याआड
मंडळी, जरा लवकर सांगा, साडेआठला ऑफिसचा कॉल आहे. गाव देवगडजवळ. आमच्या वायफायवर अख्खी वाडी चालते. दिवेलागण झाली की समोरच्या गडग्यावर सात-आठ पोरं बगळ्यांसारखी ओळीने बसतात, माना खाली. काल वैतागून राउटरमध्ये मॅक फिल्टर चालू केला (मॅक म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतःचा पत्ता, त्यावरून कुणाला आत घ्यायचं ते ठरतं), घरच्यांची यादी टाकली. पोरं गेली, पण माझा फोनही जोडला जात नाही. पासवर्ड बरोबर आहे. काय करू?

खाडीपलीकडे
राउटर कुठला, फोन कुठला? यादी 'एवढ्यांनाच येऊ द्या' अशी आहे की 'यांना अडवा' अशी? बऱ्याच राउटरवर दोन्ही पर्याय शेजारी-शेजारी असतात आणि माणूस नेमका उलटा दाबतो.

गडग्याआड
एवढ्यांनाच येऊ द्या. राउटर पांढरा, दोन अँटेनांचा, लाइनवाल्याने दिलेला. त्याने काय फरक पडतो?

निवृत्त_पण_कार्यरत
सोपं आहे. मागच्या बारीक भोकात टाचणी घाला, दहा सेकंद दाबून धरा. सगळं कोरं होतं. माझं नेहमी याने काम झालंय.

खाडीपलीकडे
काका, कृपा करून हे सांगू नका. लाइनवाल्याने दिलेल्या राउटरमध्ये कनेक्शनचं युजरनेम-पासवर्ड भरलेलं असतं, रीसेट केलं की तेही पुसलं जातं. मग या पावसात त्याची वाट बघत बसा. गडग्याआड, टाचणी ठेवून द्या.

निवृत्त_पण_कार्यरत
माझं चालू झालं होतं एवढंच सांगितलं. पुढे तुमची मर्जी.

चिरेबंदी
आपली घरं चिऱ्याची, भिंती दीड फुटाच्या. वायफायच्या दोन पट्ट्यांपैकी ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल भिंतीत मरतो, २.४ चा जरा बरा आरपार जातो. राउटर माजघरातून काढून पडवीत लावा, रेंज सुधारेल.

आंब्याची_कोय
अहो, त्यांची रेंज गडग्यापर्यंत जातेय हीच तर तक्रार आहे! 😄 उलट २.४ बंद करून फक्त ५ ठेवा, खळ्याच्या पलीकडे पोचणार नाही. आमच्या होमस्टेला हेच केलंय.

गडग्याआड
आईचा फोन जुना आहे, त्याला ५ दिसतच नाही. आणि तिचा फोन व्यवस्थित चालतोय. लॅपटॉपही चालतोय, त्यावरूनच लिहितोय. फक्त माझाच अडलाय.

खाडीपलीकडे
हे पहिल्याच पोस्टमध्ये का नाही लिहिलंत! तुमचा फोन नवा आहे ना? यादीत टाकलेला त्याचा पत्ता कुठून घेतला?

गडग्याआड
मार्चमध्ये घेतलाय. सेटिंग्जमध्ये 'फोनविषयी' आहे तिथून. बारा अक्षरं, दोनदा तपासून टाकली.

खाडीपलीकडे
सापडलं. तो फोनचा कारखान्यातला पत्ता. अँड्रॉइड १० पासून, म्हणजे २०१९ नंतर, फोन प्रत्येक वायफायला आपला खरा मॅक न देता एक बनावट पत्ता देतो, जाल तिथे तुमचा माग काढता येऊ नये म्हणून. आयफोनमध्ये हेच २०२० च्या आयओएस १४ पासून आलं. तुमच्या यादीत खरा पत्ता, आणि दाराशी फोन सांगतो दुसराच. आईच्या जुन्या फोनला ही युक्ती माहीत नाही, म्हणून तो आत.
सेटिंग्ज, वायफाय, घरच्या नेटवर्कवर दाबा, 'प्रायव्हसी' उघडा. तिथे 'रँडम मॅक' असेल त्याऐवजी 'फोनचा मॅक' निवडा. कनेक्शन तोडून पुन्हा जोडा. त्याच पानावर आत्ताचा पत्ता दिसतो. दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर बनावट समजा.

गडग्याआड
डी ए अशी सुरुवात आहे!! थांबा, करून बघतो.

तारेवरची_कसरत
मुळात मॅक फिल्टर म्हणजे फसवणूक आहे. मॅक हवेत उघडाच फिरतो, पासवर्डने झाकला जात नाही. कुणीही ऐकून त्याची नक्कल करू शकतो. सोबत डब्ल्यूपीएसही (पासवर्डाऐवजी पिन टाकून जोडायची सोय) बंद करा. आठ आकडी पिन दिसायला मोठा, पण राउटर तो दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा, म्हणून ११,००० प्रयत्नांत संपतो. हे २०११ लाच उघड झालंय.

आंब्याची_कोय
दादा, गडग्यावरची पोरं रील बघतायत, हॅकिंग नाही करत.

तारेवरची_कसरत
आज रील बघतायत. आमच्या शेजारच्या आठवीतल्या पोराने राउटरचं नाव बदलून आजोबांचं टोपणनाव ठेवलं होतं. नक्कल करायलाही पासवर्ड लागतोच, आणि तो त्यांच्याकडे आहेच. खरा प्रश्न विचारा, पासवर्ड वाडीला मिळाला कसा?

मालवणचो_झील
अरे मेल्या, शेजाऱ्यान दोन रील बघल्यान तर तुझा काय जाता? 😂 गणपतीक येतलंय, तेव्हा माका पण दी पासवर्ड.

समुद्रपक्षी
वीज कडाडली की राउटरचा प्लग काढत चला. गेल्या पावसात माझे दोन अडॅप्टर गेले.

गडग्याआड
फोन लागला!! खाडीपलीकडे, हापूसची एक पेटी तुमच्या नावावर, पण पुढच्या मोसमात, यंदाचा संपला.
पासवर्डचं म्हणाल तर गेल्या गणपतीत पंचवीस-तीस माणसं घरात, प्रत्येकाला सांगून जीव गेला. म्हणून भाच्याने फोनमधून क्यूआर काढला, छापला आणि पडवीच्या खांबाला चिकटवला. मी विसरूनच गेलो होतो.

तारेवरची_कसरत
घ्या! त्या चौकोनात पासवर्ड जसाच्या तसा लिहिलेला असतो. तो आधी फाडा, मग पासवर्ड बदला. पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क वेगळं ठेवा, गणपती झाले की बंद करा. यादीची कटकटच नको.

आंब्याची_कोय
पण बदलण्याआधी टीव्ही, प्रिंटर, कॅमेरा सगळ्यांत नवा पासवर्ड घालायची तयारी ठेवा. आमच्या कॅमेऱ्यात तो कुठे घालायचा हे शोधण्यात अख्खी दुपार गेली होती.

गडग्याआड
कॉल झाला. आत्ता बॅटरी घेऊन खांबाकडे गेलो. कागद तिथेच आहे, आईने त्यावर कॅलेंडर टांगलंय. आणि कॅलेंडरचा खालचा कोपरा उचलून उचलून पार मळलाय.

निवृत्त_पण_कार्यरत
माझाही फोन असाच लागत नाही. टाचणी घातली, आता लाल दिवा आलाय. पुढे काय करू?