प्रति: जुन्या व्हेंडिंग मशीनमधून क्रिप्टो गिफ्ट कार्ड

जुन्या व्हेंडिंग मशीनमधून रोख घेऊन क्रिप्टोची (बिटकॉइनसारख्या डिजिटल चलनाची) गिफ्ट कार्डं विकायच्या कल्पनेवर वर कुणीतरी म्हटलंय, ‘कार्ड म्हणजे मोबाइल रिचार्जचं व्हाउचरच, त्याला परवानगी कशाला?’ हे म्हणणं मला अजिबात पटलं नाही. मार्च 2023 पासून क्रिप्टोची देवघेव करून देणारे मनी लाँडरिंग कायद्याखाली येतात. म्हणजे केंद्राच्या एफआयूकडे (संशयास्पद आर्थिक व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या यंत्रणेकडे) नोंदणी आली, गिऱ्हाइकाचं केवायसी आलं. अंधेरी स्टेशनबाहेर नोट सरकवून कार्ड घेऊन जाणाऱ्याचं पॅन ते मशीन कसं तपासणार? शिवाय क्रिप्टोच्या व्यवहारावर 1 टक्का टीडीएस (पैसे देतानाच कापायचा कर) आहेच. बंगळूरच्या मॉलमध्ये 2018 साली बिटकॉइनच्या देवघेवीचं एटीएमसारखं यंत्र लागलं, ते पोलिसांनी जप्त केलं आणि कंपनीच्या संस्थापकांना अटकही झाली. तेव्हा तर हे नियम आलेही नव्हते.

मशीनबद्दल कुणीच बोललेलं नाही म्हणून सांगतो. आमच्या ऑफिसात वेफर्सचं जुनं मशीन आहे. त्यातली स्प्रिंग फुगीर पाकिटांसाठी असते, पातळ कार्ड तिच्यात तिरकं होऊन अडकतं. जाड पुठ्ठ्याच्या डबीत घातलं तरच नीट पडेल. नोटा घेणारा भाग नोटबंदीच्या आधीचा असेल तर नव्या नोटा ओळखणारच नाही, त्यामुळे तो तपासल्याशिवाय भंगारातून मशीन उचलू नका.