मदत हवी आहे : नवशिक्या मुलीसाठी फिगर स्केटिंगचा ड्रेस कसा निवडावा?

नमस्कार मंडळी,

आम्ही टोरांटोशेजारच्या मिसिसागामध्ये राहतो. माझी चौदा वर्षांची मुलगी फिगर स्केटिंग शिकते. इथल्या बऱ्याच मुली पाच-सहा वर्षांच्या असतानाच बर्फावर उतरतात. हिने बाराव्या वर्षी सुरुवात केली, त्यामुळे वयाने मोठी आणि खेळात नवखी अशी तिची स्थिती आहे. कॅनस्केट हा इथला पायाभूत अभ्यासक्रम संपवून ती आता स्टार या त्यापुढच्या अभ्यासक्रमाच्या वर्गात आली आहे, कॅनस्केटच्या पाचव्या टप्प्यापर्यंत सक्तीचे असलेले हेल्मेट सुटले आहे, आणि येत्या मार्चमध्ये आसपासच्या क्लबांच्या छोट्या स्पर्धेत ती स्टार २ पातळीवर प्रथमच एकटीने, संगीतावर, आपला प्रोग्रॅम सादर करणार आहे. या पातळीवर पहिला-दुसरा असे क्रमांक काढत नाहीत, तर ठरलेल्या निकषांवर सुवर्ण, रौप्य, कांस्य किंवा मेरिट असे मूल्यमापन होते. म्हणजे ड्रेसवर फार काही अवलंबून आहे असे नाही. तरीही तो चुकीचा निघाला तर तिचा आत्मविश्वास ढासळेल, याची मला काळजी वाटते.

आजवर ती लेगिंग्ज आणि अंगाबरोबरचे जॅकेट घालून सराव करत आली आहे. स्पर्धेसाठी ड्रेस घ्यावा असे तिच्या प्रशिक्षक बाईंनी सुचवल्यावर आम्ही ओळखीच्या एका पालकांकडचा, ‘वय १४’ अशी चिठ्ठी असलेला, वापरलेला ड्रेस घालून पाहिला. छातीत आणि कमरेत तो व्यवस्थित होता. मात्र तिने दोन्ही हात डोक्यावर नेले, तशा खांद्यांच्या शिवणी गळ्याकडे ओढल्या गेल्या, आतली चड्डी वर सरकली, आणि ती हात खाली घेऊन स्कर्ट ओढत उभी राहिली. काही न बोलता तिने ड्रेस उतरवून घडी करून ठेवला.

तेव्हा ज्यांच्या घरी हा खेळ आहे किंवा ज्यांना अशा कपड्यांच्या शिवणकामाची माहिती आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे. माप नेमके कशावरून ठरवायचे? तयार ड्रेसमध्ये गळ्याला आणि पाठीला जे त्वचेच्या रंगाचे जाळीदार कापड असते, ते आम्ही पाहिले त्या सर्व ड्रेसमध्ये गोऱ्या त्वचेसाठीचेच होते. सावळ्या मुलीसाठी त्याचे काय करावे? स्कर्टाऐवजी पायघोळ एकसंध पोशाख (म्हणजे पायांसकट अंगाबरोबर बसणारा) नियमात बसतो का? सासूबाई पुण्याला असतात, त्यांच्या ओळखीच्या शिंप्याकडून ड्रेस शिवून मागवणे शहाणपणाचे ठरेल का? आमचे बजेट साधारण दीडशे डॉलरचे आहे.

बर्फवेडी (एडमंटन) :

ताई, तुमच्या मुलीच्या बाबतीत जे झाले ते ड्रेस आखूड असल्याचे लक्षण आहे, आणि ते छाती-कमरेच्या मापावरून कळत नाही. स्केटिंगचा ड्रेस आतून पोहण्याच्या पोशाखासारखा असतो. चोळी, चड्डी आणि स्कर्ट एकमेकांना जोडलेले असतात. त्यामुळे सर्वांत महत्त्वाचे माप म्हणजे धडाचा पूर्ण वेढा. मान आणि खांद्याचे टोक यांच्या मधल्या बिंदूवर टेप धरायची, पुढून छातीवरून खाली न्यायची, दोन्ही पायांच्या मधून घेऊन पाठीवरून पुन्हा त्याच बिंदूपर्यंत आणायची. मुलगी सरळ उभी असावी, अंगात पातळ कपडे असावेत, टेप ताठ असावी पण रुतू नये. हे काम तिला एकटीला जमणार नाही, तुम्हीच करा. कंपनीच्या तक्त्यात हा वेढा दिलेला असतो, आणि वय व वेढा यांत तफावत आढळली तर निःशंकपणे वेढ्यावर विश्वास ठेवा. दोन मापांच्या मध्ये आलात तर मोठे घ्या आणि बाजूच्या शिवणीतून कंबर आत घ्या. आखूड ड्रेस मात्र कोणालाही लांब करता येत नाही.

याचा अर्थ शाळेच्या गणवेशाप्रमाणे ‘पुढच्या वर्षीही होईल’ म्हणून ढगळ घ्यावा असा मात्र नाही. ढगळ ड्रेस गिरकीत अंगाभोवती पिळतो आणि पाठीशी फुगतो. घालून पाहताना आरशासमोर नुसते उभे राहू देऊ नका. हात वर करणे, सिट स्पिनमध्ये बसतात तसे एका पायावर खाली बसणे, स्पायरलसारखा एक पाय मागे उचलून पुढे वाकणे, हे सर्व तिने दुकानातच करून पाहावे. या तिन्ही स्थितींत एकदाही कापड सारखे करावेसे वाटले नाही, तर तो ड्रेस तिचा.

रंगाबद्दल थोडे सांगते. पांढरा बर्फ, पांढरे कठडे आणि वरून प्रखर दिवे अशा ठिकाणी फिकट गुलाबी, आकाशी किंवा मोतिया रंग दुरून नाहीसे होतात. आपल्या मुलींच्या वर्णावर वांगी, गडद हिरवा, मोरपंखी, डाळिंबी हे रंग खुलतात आणि बर्फावर उठूनही दिसतात. गडद रंगाचा आणखी एक उपयोग या वयाच्या मुलींच्या आयांना सांगायला नको. पाळीच्या दिवसांत स्पर्धा आली तर गडद ड्रेस आणि टाइट्सच्या आत खास शोषक अंतर्वस्त्र एवढ्याने मुली निश्चिंत राहतात. ही गोष्ट खरेदीपूर्वीच तिच्याशी मोकळेपणाने बोलून घ्या, कारण बहुतेक मुली आपणहून ती काढत नाहीत.

शिवणटिपण (न्यू जर्सी) :

त्वचेच्या रंगाच्या मेशबद्दलचा, म्हणजे त्या जाळीदार कापडाबद्दलचा, तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि अनेक वर्षे आपल्याकडच्या व कृष्णवर्णीय मुलींनी ती बेजच मेश मुकाट्याने घातली आहे. यावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे मेश रंगवणे. मेश नायलॉनची असेल तर ती गरम पाण्यातल्या कडक कोऱ्या चहानेसुद्धा रंग धरते. पॉलिस्टरची असेल तर चहाचा उपयोग होत नाही आणि कृत्रिम धाग्यांसाठीचा वेगळा रंग लागतो. म्हणून आधी चिठ्ठीवर धागा कोणता आहे ते वाचा. शिवलेला ड्रेस रंगात बुडवला तर मुख्य कापडही डागाळेल, त्यामुळे हा उपाय शिवण्यापूर्वीच्या कापडासाठी योग्य आहे. दुसरा आणि मला स्वतःला अधिक आवडणारा उपाय असा की, त्वचेचा आभास निर्माण करण्याचा खटाटोपच सोडून द्यावा आणि ड्रेसच्याच रंगाची मेश वापरावी. वांगी मखमलीला वांगी जाळीच्या लांब बाह्या अतिशय देखण्या दिसतात, आणि मुलीला आपण कोणासारखे तरी दिसण्याचा प्रयत्न करतो आहोत असे वाटत नाही. टाइट्सच्या बाबतीत आता परिस्थिती बरी आहे. क्युबेकमधील माँडोरसारख्या कंपन्या त्या एकाहून अधिक छटांमध्ये बनवतात. छटा पडद्यावर पाहून ठरवू नका, प्रत्यक्ष हाताशेजारी धरून पाहा.

कापड चारही दिशांना ताणले जाणारे हवे. लायक्रा मिसळलेले नायलॉन टिकाऊ असते, तर ताणाची मखमल उबदार असते आणि किरकोळ सुरकुत्या लपवते. रिंकमध्ये, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, हवा गार असते, म्हणून पहिल्या ड्रेसला मी लांब बाह्याच सुचवेन.

खडे लावायचे असतील तर नंतर घरी लावा, त्यात पुष्कळ पैसे वाचतात. खड्यांच्या मापांत एसएस १६ म्हणजे सुमारे चार मिलिमीटरचे आणि एसएस २० म्हणजे त्याहून थोडे मोठे खडे नवशिक्या मुलीच्या ड्रेसला पुरेसे आहेत. कापड सैल असताना खडा चिकटवला तर ड्रेस अंगावर ताणला जाताच तो उडतो. म्हणून आत जाड पुठ्ठा घालून कापड थोडे ताणून घ्या. ई ६००० हा गोंद मजबूत असला तरी त्याच्या वाफा घातक असतात, तेव्हा खिडक्या उघड्या ठेवा आणि ड्रेस दोन-तीन दिवस तसाच वाळू द्या. बसण्याच्या जागी आणि बाह्यांच्या आतल्या बाजूला एकही खडा नको. नवशिक्या मुली पडतात, आणि पडल्यावर तेच खडे टोचतात.

पुणेकर_पालक :

माझी मुलगी पुण्यात चाकांवरचे आर्टिस्टिक स्केटिंग करते. ड्रेसची बेतणी जवळजवळ सारखीच असते, म्हणून लिहिण्याचे धाडस करतो. पुण्यात असे ड्रेस शिवून मिळतात, पण नेहमीचा ब्लाउज शिवणारा कारागीर कितीही कुशल असला तरी हे काम त्याच्याकडे देऊ नये. साध्या सरळ टाक्याची शिवण ताणाबरोबर तुटते. त्यासाठी झिगझॅग किंवा ओव्हरलॉक टाकाच लागतो, आणि जिम्नॅस्टिक्सचे किंवा पोहण्याचे कपडे शिवणाऱ्याला त्याची सवय असते. तुमची खरी अडचण मात्र दुसरीच आहे. आमच्या मुलीला दोनदा फिटिंगला जावे लागले, आणि दोन्ही वेळा खांद्यात फरक करावा लागला. व्हिडिओ कॉलवर ते दिसणार नाही. मार्चच्या स्पर्धेसाठी पुण्याहून ड्रेस मागवणे मला तरी धोक्याचे वाटते. उन्हाळ्यात इकडे येणार असाल तर पुढचा ड्रेस खुशाल इथे शिवा.

कॅलगरीकर :

पायघोळ पोशाखाबद्दल सांगतो. १९८८च्या कॅलगरी ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या डेबी थॉमसने शॉर्ट प्रोग्रॅमसाठी (स्पर्धेतल्या छोट्या सादरीकरणासाठी) अंगभर काळा पोशाख घातला होता आणि त्या स्पर्धेत तिने कांस्यपदक मिळवले. त्यानंतर मात्र आंतरराष्ट्रीय स्केटिंग युनियनने महिलांना स्कर्ट सक्तीचा केला. ती सक्ती २००४मध्ये उठली, आणि तेव्हापासून एकेरी स्केटिंगमध्ये मुलींना पायघोळ पोशाख घालता येतो. बाकी नियमांचा आशय एवढाच, की पोशाख शालीन आणि खेळाला साजेसा असावा, भडक किंवा नाटकी नसावा, आणि हातात कोणतीही वस्तू नसावी. आंतरराष्ट्रीय नियमांत पोशाखाचा किंवा सजावटीचा एखादा भाग बर्फावर पडला तर एक गुण वजा होतो. केसांतला दागिनाही त्यात येतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे बर्फावर पडलेल्या केसांच्या पिनेवर ब्लेड अडकले तर मागून येणारी मुलगी जोरात आपटू शकते. तेव्हा अंबाडा जाळी लावून घट्ट बांधा, आणि सजावटीची फुले ड्रेसवर टाचण्याऐवजी पक्की शिवून घ्या.

धागाकर्ती :

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री वेढा मोजला, आणि तो त्या तक्त्यातल्या ‘वय १४’च्या मापापेक्षा स्पष्टपणे जास्त भरला; उंची बेताची असली तरी तिचे धड लांब आहे, हे आजवर आमच्या लक्षातच आले नव्हते. हे कळल्यावर तिचा चेहरा एकदम सैल झाला, कारण इतके दिवस दोष आपल्या शरीरात आहे असे तिने मनाशी धरले होते. मला हे आधी ठाऊक नव्हते.

पायघोळ पोशाखाचा पर्यायही तिच्यापुढे ठेवला. तिने थोडा विचार करून स्कर्टच हवा असे सांगितले, मात्र बाह्या लांब हव्यात, पाठ बंद हवी आणि जाळी ड्रेसच्याच रंगाची हवी. तिच्या आजीची एकच सूचना होती, की थंडी वाजता कामा नये, तीही यात आपोआप पाळली गेली. पडल्यावर मार लागू नये म्हणून सरावात ती लेगिंग्जच्या आत पॅड असलेली शॉर्ट्स घालते. ती ड्रेसखाली उठून दिसतात. त्यामुळे स्पर्धेच्या दिवशी ती नकोत, पण ड्रेस घालून करायच्या सरावाला असावीत, असे प्रशिक्षक बाईंशी बोलून ठरले आहे.

बर्फवेडी :

उत्तम. ड्रेस स्पर्धेच्या दिवशी प्रथमच घालू नका. निदान काही सराव-सत्रे तो घालून, पूर्ण प्रोग्रॅम संगीतासह होऊ द्या. सरावानंतर ओला ड्रेस ब्लेडच्या पिशवीत राहू देऊ नका. उलटा करून, गार पाण्यात, हाताने धुवायचा आणि सपाट पसरून वाळवायचा. ड्रायर आणि इस्त्री दोन्ही वर्ज्य. बजेटचे म्हणाल तर नवीन बेतून शिवलेला ड्रेस दीडशे डॉलरमध्ये मिळणे कठीण आहे, पण वापरलेला, योग्य वेढ्याचा, साधा मखमली ड्रेस त्या रकमेत खडे आणि टाइट्ससकट बसू शकेल. किजिजी या जाहिरातींच्या संकेतस्थळावर आणि क्लबच्या सूचनाफलकावर लक्ष ठेवा. हंगाम संपताना मोठ्या मुलींचे ड्रेस विक्रीला निघतात. विकणाऱ्यांना आधी वेढा विचारा, मगच बघायला जा.

धागाकर्ती :

अगदी असेच करते. किजिजीवर गडद हिरव्या मखमलीचा एक ड्रेस दिसला आहे, वेढाही जुळतो, फक्त त्याची पाठ उघडी आहे. तिथे त्याच रंगाची ताणाची मेश बसवून पाठ बंद करून घ्यायचा विचार आहे. मिसिसागा, ब्रॅम्प्टन किंवा ओकव्हिल भागात ताणाच्या कापडाचे असे काम करून देणारी कोणी शिवणकर्ती माहीत असेल, तर कृपया मला व्यक्तिगत निरोपातून कळवावे. ड्रेस बघायला आम्ही येत्या शनिवारी जाणार आहोत.