घरच्या नॅसची जागा वाढवायची आहे; डिस्कच्या अदलाबदलीबद्दल आणि दुसऱ्या प्रतीबद्दल सल्ला हवा

नमस्कार मंडळी,

कोथरूडला आमच्या घरी दोन खणांचा नॅस (घरच्या नेटवर्कला जोडलेली साठवणपेटी) असून त्यात ४ टीबीच्या दोन हार्ड डिस्क रेड १ पद्धतीने, म्हणजे दोन्हींवर तीच माहिती राहील अशा, बसवलेल्या आहेत. वापरायला मिळणारी साधारण ३.६ टीबी जागा आता भरत आली आहे. त्यातले चित्रपट गेले तरी चालतील, पण आईच्या बैठकींची ध्वनिमुद्रणे आणि घरातले जुने फोटो पुन्हा कुठूनही मिळणार नाहीत.

चार खणांचा नवा नॅस घेऊन ८ टीबीच्या तीन डिस्क रेड ५ मध्ये (यात एका डिस्कइतकी जागा सुरक्षिततेसाठी राखली जाते) लावल्यास १६ टीबी जागा मिळेल, परंतु तेवढी गरज नाही आणि खर्चही बराच आहे. त्यामुळे आहे त्याच नॅसमध्ये एकेक डिस्क काढून ८ टीबीची बसवायची, रीबिल्ड (नव्या डिस्कवर सगळी माहिती पुन्हा उतरणे) होऊ द्यायचे आणि दोन्ही बदलून झाल्यावर व्हॉल्यूम, म्हणजे वापरायची जागा, वाढवायचा, याकडे माझा कल आहे. काळजी पहिल्या रीबिल्डची आहे, कारण त्या काही तासांत सगळा भार एकाच जुन्या डिस्कवर असतो आणि ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचली जाते. त्यातून दोन्ही डिस्क तपकीर गल्लीतल्या एकाच दुकानातून एकाच वेळी घेतलेल्या, म्हणजे सारख्याच थकलेल्या. बाहेर काढलेली डिस्क काम पुरे होईपर्यंत न पुसता जपून ठेवली, तर अडीनडीला ती लिनक्सच्या संगणकाला जोडून वाचता येते का? नॅस बंद करून काढणे अधिक बरे, की चालू असताना काढली तरी चालते?

नवी डिस्क सीएमआर (माहितीचे पट्टे एकमेकांवर न चढवणाऱ्या) प्रकारचीच घेणार आहे. पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या एसएमआर डिस्क रीबिल्डच्या वेळी फार मंदावतात, आणि नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डिस्कही एसएमआर असल्याचे २०२० मध्ये उघड झाले होते, तेव्हा दुकानदाराच्या शब्दापेक्षा उत्पादकाची माहितीपत्रिका पाहिलेली बरी.

आता सुरक्षिततेबद्दल. रेड १ म्हणजे बॅकअप नव्हे. एखादा फोल्डर चुकून पुसला गेला, तर तो त्याच क्षणी दोन्हीकडून जातो. त्यासाठी रोजचे स्नॅपशॉट (फायलींची त्या वेळची स्थिती जपणाऱ्या नोंदी) सुरू आहेत. २०२२ मधल्या डेडबोल्टसारख्या, फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या हल्ल्यांत इंटरनेटला उघडे असलेले नॅस सापडले, म्हणून राउटरवर एकही पोर्ट उघडा ठेवलेला नाही. दर गुरुवारच्या वीजबंदीसाठी यूपीएस आहे आणि तो यूएसबीने जोडलेला असल्याने नॅस वेळेत आपोआप बंद होतो.

तरीही चोरी किंवा आग यांपुढे घरातल्या घरात असलेल्या प्रतीचा काही उपयोग नाही. म्हणून मोकळी होणारी एक जुनी डिस्क चिंचवडला बहिणीच्या घरी छोट्या संगणकाला जोडून, न मिळण्याजोग्या फायलींची प्रत तिथे ठेवायचा विचार आहे. दोन टीबी पाठवायला १०० एमबीपीएसच्या अपलोडनेही जवळजवळ दोन दिवस लागतील. त्यापेक्षा पहिली प्रत इथेच करून डिस्क हाताने नेईन आणि पुढे रात्री फक्त बदललेल्या फायली जातील. दोन्ही घरांचे इंटरनेट सीजीनॅटमागे (अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता, त्यामुळे बाहेरून थेट जोडता येत नाही) असल्याने टेलस्केल ही खासगी जोडणीची सेवा वापरावी लागेल असे दिसते. जुनी डिस्क या कामाला लावण्यात शहाणपण आहे का, की इथेही नवीच घ्यावी? शिवाय ती प्रत एन्क्रिप्ट (किल्लीशिवाय वाचता न येणारी) करणार असल्याने, नॅसच जळाला तरी हाती राहील अशा बेताने तिची किल्ली तुम्ही कुठे ठेवता?